गारांच्या संध्याकाळची रेघ

मी एक जुना सागाचा खांब आहे. खरे तर खांबाचा उरलेला बुंधा.

पुसदकडच्या जंगलात मला कुऱ्हाडीने पाडले. १९६५च्या फेब्रुवारीत दिग्रसजवळ, रुपीबाईच्या पडीक वावरात मला उभे केले. असे आम्ही बारा जण होतो. आमच्यावर तांब्याच्या तारा ताणल्या होत्या. मित्रांनो, विज्ञान शिकवणारे भगवानराव त्या तारांनी एका फुटलेल्या ताऱ्याची गर्जना पकडत होते. नऊशे वर्षांपूर्वी तो फुटताना चीनमध्ये भरदिवसा दिसला. त्याच्या चिंध्या आजही सेकंदाला शेकडो मैल वेगाने उधळत आहेत. दुर्बिणीत मात्र धुराचा ठिपकाच दिसतो.

"झुडपातला बिबट दिसत नाही, त्याची गुरगुर ऐकू येते," भगवानराव सांगत. "डोळ्याचा प्रकाश वेगळा, रेडिओचा वेगळा."

माझ्या पायाशी ठेवलेले यंत्र कागदावर रेघ ओढी. तारा डोक्यावर आला की रेघ चढे, मग उतरे. पहिल्या संध्याकाळी शिखर सात चौतीसला आले, दुसऱ्या संध्याकाळी सात तीसला.

"मास्तर, थे जिनिंगचं इंजिन हाये!" लोक हसले.

कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या इंजिनाच्या ठिणग्यांनीही रेघ चढू शके; पण इंजिन रोज एकाच वेळी सुरू होई. तारा रोज चार मिनिटे आधी येतो. तिसरे शिखर सात सव्वीसला आले, तरच भगवानराव खरे ठरणार होते.

तिसऱ्या दुपारी लिंबाएवढ्या गारा पडल्या. गहू झोपला. शेजारच्या वावरातल्या डोंगरसिंगचा बैल डोके फुटून मेला. भगवानरावांनी तुटलेल्या तारा कशाबशा जोडल्या. सव्वासातला डोंगरसिंग वीस माणसे घेऊन आला.

"याच तारायनं गारा ओढल्या!"

त्याची कुऱ्हाड माझ्यात रुतली. कुणाची तरी काठी भगवानरावांच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

रुपीबाई मला पाठ लावून उभी राहिली. ती डोंगरसिंगची काकी.

"सरक, काकी."

"माह्या वावरात मलेच सरक म्हन्तं? तोड मले आधी!"

एक दगड तिच्या कपाळावर बसला. रक्त पुसत तिने विचारले, "मास्तर, रेघ चढूनच राह्यली का?"

"चढूनच राह्यली, बाई."

कुऱ्हाड पुन्हा आली, तिच्या खांद्यापासून चार बोटांवर. ती हलली नाही.

"उतरली!" भगवानराव ओरडले. "शिखर सात सव्वीसला!"

रुपीबाई बाजूला झाली. "झालं. तोड आता."

आम्ही बाराही पडलो. मग डोंगरसिंग चिखलात बसला आणि बैलाचे नाव घेऊन रडला.

मित्रांनो, त्याच्या दुःखावर माझा राग नाही. पण गारा का पडतात, हे विचारायला त्या दुपारी त्याच्यापाशी पाच तास होते. त्या पाच तासांत त्याने कुऱ्हाडीला धार लावली. तुम्ही आधी विचारा.