दातांत धरलेलं दुखणं

आमच्या घरात दुखणं दातांत धरायची रीत. माझे मालक पोटाच्या आजारानं गेले, पण शेजारणीला भिंतीपलीकडून त्यांचं कण्हणं कधी ऐकू आलं नाही. मला चार लेकरं झाली, तीही ओठ मिटून. म्हणून धाकटा दवाखान्यातल्या खाटेवर बोंबलायला लागला तेव्हा खरं सांगते, आधी राग आला. कीव मागनं आली.

तो बेकरीत भट्टीवर असतो. भट्टीचा भडका उजव्या हातावर आला. तेव्हापासून रोज पट्टी बदलायची, आणि पट्टीबरोबर जिवंत साल निघते. आज त्यानं हात छातीशी धरला तो सोडेचना.

"इंजेक्शनचा काही उपयोग होत नाही. हात लावू नका."

सिस्टर म्हणाली, "मेलेलं कातडं आज निघालं नाही तर पू धरेल. मग डॉक्टर हात मनगटापासून काढतील. पीठ कशानं मळशील, पायानं?"

"मरू दे ते पीठ."

मी पुढं झाले. "एवढा घोडा झालास, लाज नाही वाटत? पलीकडची म्हातारी बघतेय."

"तिच्याकडून तिकिटाचे पैसे घे."

"जीभ काही भाजली नाही वाटतं! अरे, येशूकडं बघ. खिळे ठोकले तरी त्यानं ब्र काढला नाही."

तसे त्यानं डोळे वटारले. "खोटं बोलतेस, आई. ओरडला तो. चांगला मोठ्यानं ओरडला. देवालाच विचारलं, मला का टाकलंस म्हणून. गुड फ्रायडेच्या उपासनेत ते वाचलं की नाक कोण ओढतं? मी?"

सिस्टरचा चिमटा हवेतच राहिला.

मला शाळा नाही. जे ठाऊक ते कानानं, आणि हे तर दरवर्षी ऐकलेलं. येशूची आई क्रुसाखाली उभी होती. पोटचा पोर वर ओरडतोय, आणि ती त्याला म्हणाली नाही, गप, लोक बघतायत. उभी राहिली नुसती. पळाली नाही.

"दे हात," मी म्हटलं. "आणि ओरड."

"काय?"

"कान भाजले का? ओरड म्हणते. विचार त्याला, का म्हणून. मीही विचारते. मला तर बरंच विचारायचंय."

त्यानं छातीशी धरलेला हात सैल केला. मग हात हळूहळू पुढं आला. सिस्टरनं पट्टीवर पाणी सोडलं, चिमटा लावला, आणि तो असा ओरडला की बाहेरची माणसं दारात गोळा झाली. मी त्याचं कोपर पोटाशी आवळलं आणि कधी नव्हे ते तोंड उघडलं. "प्रभू, का रे? कुठं आहेस तू?"

उत्तर आलं नाही. पण ज्याला विचारत होतो, त्यानंही कधीतरी हेच विचारलेलं. आमच्या खाटेशी तो नवखा नव्हता. तेवढ्या आधारावर मी ते कोपर सुटू दिलं नाही.

"झालं," सिस्टर म्हणाली. "बोटं हलव."

करंगळी हलली. मग तिच्या शेजारचं. आम्ही दोघं घामानं निथळत होतो.

"आई," तो धापा टाकत म्हणाला, "तू माझ्यापेक्षा जास्त ओरडलीस."

"बोलू नकोस. उद्यासाठी आवाज राख."