इराच्या वाटणीचं कॉकपिट

स्पिटफायरचं इंजिन पुरं झालं तेव्हा श्रीपाद टिपणिसांचा उजवा हात अजून धड होता.

खऱ्या विमानाच्या चोवीसपट लहान असं ते मॉडेल. किटच्या डब्यातून निघालेलं इंजिन म्हणजे प्लॅस्टिकचा गुळगुळीत ठोकळा. खऱ्या इंजिनाला बारा सिलिंडर असतात, दर सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, म्हणजे चोवीस वायरी, आणि डब्यात त्यातली एकही नव्हती. श्रीपादरावांनी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका मोटार वाइंडिंगवाल्याकडून केसाएवढी तांब्याची तार आणली, ठोकळ्याला सुईच्या टोकाएवढी भोकं पाडली आणि एकेक वायर चिमट्याने बसवली. तेलाच्या नळ्या केल्या, एक्झॉस्टच्या तोंडांना जळकट तांबूस रंग दिला. अंबरनाथच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात छत्तीस वर्षं काढलेला माणूस. नळी कुठून निघते आणि कुठे जाते हे समजल्याशिवाय ती चिकटवायची नाही, असा त्यांचा खाक्या. चौदा महिने लागले.

राहिलं होतं कॉकपिट. ते आत बसल्याशिवाय विमानाच्या धडाचे दोन अर्धे भाग जोडता येत नाहीत, म्हणून ते टेबलावर तसेच उघडे पडले होते. पॅनलवरची एकेक तबकडी मसुराच्या डाळीपेक्षा लहान. तिच्यात पांढरा काटा काढायचा आणि वर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब सोडायचा, म्हणजे काचेसारखा दिसतो. श्रीपादरावांनी तीनदा पॅनल रंगवलं, तीनदा पुसलं. हात थरथरायचा. डॉक्टरांनी पार्किन्सन्सची सुरुवात आहे म्हणून सांगितलं आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी चहाचा कप सांडायचा थांबला, पण काटा काही निघेना.

तसं पाहिलं तर कॉकपिट त्यांचं कामच नव्हतं. मुलगी नऊ वर्षांची झाल्यापासून बापलेक मिळून विमानं बनवत आणि वाटणी ठरलेली होती. इंजिन बाबांचं, कॉकपिट इराचं. तिची बोटं बारीक, नजर घारीची. बारावीनंतर इंजिनिअरिंगला न जाता तिने दातांच्या लॅबचा कोर्स घेतला तेव्हा श्रीपादराव आठ दिवस तिच्याशी बोलले नव्हते. नवव्या दिवशी समेट म्हणून हा स्पिटफायरचा मोठा डबा घेऊन आले. लवकरच सुरू करू म्हणता म्हणता वर्षं गेली, आणि मग अल्पेश आला.

अल्पेश म्हणजे बदलापूर गावातल्या हरिचंद्र मढवींचा मुलगा. इमारतीच्या सामानाचं दुकान, थोडी शेती, स्वतःचं घर. मुलगा चांगला होता, हे श्रीपादरावांनाही दिसत होतं. पण टिपणिसांची मुलगी आगऱ्यांच्या घरात, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. "त्या घरात गेलीस, तर या घरात पाऊल ठेवायचं नाही," असं ते एकदा बोलले आणि मग त्या वाक्याला चिकटून बसले. इराने कोर्टात लग्न केलं. तीन वर्षं त्यांची बायको सुहासिनी स्वयंपाकघराचं दार लोटून लेकीशी फोनवर बोलत राहिली आणि श्रीपादराव बाहेर पेपर वाचत असल्याचं दाखवत राहिले.

दोन वर्षांपूर्वी सुहासिनी गेली. पोटाचा आजार निघाला आणि महिन्याभरात सगळं आटोपलं. इरा आली तेव्हा माणसं स्मशानातून परतली होती. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली, बापाकडे पाहिलं, आत पाऊल ठेवलं नाही आणि तशीच जिना उतरून गेली. घर खायला उठू लागलं तेव्हा श्रीपादरावांनी माळ्यावरून तो डबा काढला.

आता हात गेल्यावर, एका रविवारी सकाळी, त्यांनी विमानाचं अर्धं धड, इंजिन आणि कॉकपिटचे सुटे भाग कापसात गुंडाळून एका खोक्यात भरले, खोकं मांडीवर घेऊन रिक्षात बसले आणि बदलापूर गावाचा पत्ता सांगितला.

मढवींच्या फाटकाशी आल्यावर मात्र ते थांबले. बेल वाजवावी की परत फिरावं, अशा विचारात ते उभे असताना ओट्यावर बसलेल्या हरिचंद्रांनीच त्यांना पाहिलं. पाच वर्षांत दोघे व्याही एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

"या ना, बाहेर काय उबे रेलात?" हरिचंद्र उठत म्हणाले. "आपलाच घर हाय." मग आत वळून त्यांनी बायकोला हाक मारली, "काशी, च्या टाक. इराचे बाबा आलेन."

इरा ओल्या हातांनी बाहेर आली. गळ्याशी दोन हाडं वर आली होती, बाकी तशीच होती. तिने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. खोकं धरलेल्या हाताकडे पाहिलं.

"हात कधीपासून असा आहे?"

"झाले सहा महिने."

"गोळ्या चालू आहेत?"

"आहेत." श्रीपादरावांनी खोकं टेबलावर ठेवलं. "इंजिन झालंय. कॉकपिट मला जमत नाही. तुझ्या वाटणीचं होतं ते."

इराने कापूस बाजूला केला. इंजिन उचलून खिडकीच्या उजेडात धरलं आणि फिरवून फिरवून बराच वेळ पाहिलं.

"मागच्या दोन वायरी उलटसुलट झाल्यात," ती म्हणाली.

"झाल्यात. बसवल्यावर लक्षात आलं."

"ठेवून जा. बघते."

पुढच्या रविवारी ते गेले तेव्हा टेबलावर लॅबमधला चष्मा, ब्रश आणि छोटा दिवा मांडलेला होता. दातांच्या कवळ्यांवर रंगाच्या छटा चढवून चढवून इराचा हात पूर्वीपेक्षाही स्थिर झाला होता. श्रीपादराव शेजारच्या खुर्चीत बसायचे, जुन्या ड्रॉइंगच्या झेरॉक्स उलगडून सांगायचे, थ्रॉटल डाव्या हाताला, त्याच्या खाली हे चाक. ती "हं" म्हणायची. दुसऱ्या रविवारी तिने तबकड्यांचे काटे काढले. तिसऱ्या रविवारी आतल्या हिरव्या रंगावर, वैमानिकाचे बूट घासतात त्या जागी, चंदेरी खरचटल्यासारखं केलं आणि म्हणाली, "बाबा, बघा बरं, जास्त झालं का?"

बाबा! पाच वर्षांनी. श्रीपादरावांनी भिंग डोळ्याला लावलं, पण त्यांना काही दिसेना. "बरोबर आहे," ते म्हणाले.

काशीबाई त्यांना जेवल्याशिवाय सोडत नसत. तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण वाढायच्या, "अजून घ्या, इरा सांगते तुमाला आवरतं," म्हणायच्या. जेवण झाल्यावर अल्पेश त्यांना मोटरसायकलवरून नाक्यापर्यंत सोडायचा. अंबरनाथला घरी परतल्यावर श्रीपादराव शर्ट इस्त्री करून पुढच्या रविवारसाठी खुंटीला लावून ठेवू लागले.

चौथ्या रविवारी सीटचे पट्टे तेवढे राहिले होते. औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाची चांदी सोलून इरा ब्लेडने तिच्या बारीक पट्ट्या कापत होती. श्रीपादराव चहा पीत होते. कापता कापता, मान वर न करताच ती बोलू लागली.

"मी तुमच्यापेक्षा आईवर जास्त रागावले होते, बाबा."

श्रीपादरावांनी कप खाली ठेवला.

"आमच्या शेवटच्या फोनवर मी तिला तोडून बोलले. म्हटलं, तू एकदा तरी माझ्यासाठी उभी राहिलीस का? ती गप्प बसली आणि फोन ठेवून दिला. मग तीन आठवडे मी रोज फोन करत होते. एकदाही उचलला नाही. आजारी आहे हेसुद्धा कळवलं नाही. मला बाहेरून कळलं, तेही सगळं झाल्यावर. माझं बोलणं एवढं लागलं तिला, की मरतानाही माझं तोंड बघावंसं वाटलं नाही." ब्लेड थांबलं. "पण आता जाऊ दे. मी तिला माफ केलंय. तिनेही मला केलं असेल असं समजते."

श्रीपादरावांना काहीच करावं लागणार नव्हतं. नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. पट्टे लागले असते, धड जोडलं गेलं असतं, पुढचा रविवार आला असता. पण सुहासिनीला माफी? तिने काय केलं होतं?

"इरा," ते म्हणाले, "फोन माझ्याकडे होता."

तिने वर पाहिलं.

"हॉस्पिटलात ठेवलं त्या दिवसापासून. तुझं नाव यायचं त्याच्यावर. मी आवाज बंद करून खिशात ठेवायचो. तिला सांगितलं, फोन बिघडलाय."

इराने चष्मा काढला. "तिने मला बोलवायला सांगितलं होतं?"

"रोज."

"काय म्हणायची? तिच्या शब्दांत सांगा."

"म्हणायची, 'अहो, पोरगी खरं बोलली. मी उभी राहायला हवं होतं. तिला बोलवा, मला तिला एवढंच सांगायचंय.'"

"आणि तुम्ही?"

"मी म्हणायचो, बरी हो, मग बोलावू."

"डॉक्टरांनी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"फार तर आठवडा."

स्वयंपाकघरात काशीबाईंच्या हातातल्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"का, बाबा?"

हा प्रश्न त्यांनी स्वतःला दोन वर्षं विचारला नव्हता. उत्तर मात्र तयारच असल्यासारखं बाहेर आलं. "तू आली असतीस तर ती तुझ्यासमोर बोलली असती. मग मी चुकलो हे मला ऐकून घ्यावं लागलं असतं."

इरा ओरडली नाही. तिने चांदीचे तुकडे बोटाने एका जागी गोळा केले.

"शेवटी शुद्धीत होती?"

"सकाळपर्यंत होती."

"दाराकडे बघत होती?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती, हे श्रीपादरावांना कळलं. "हो," ते म्हणाले.

इराच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्यांनी तिच्या लहानपणापासून कधी ऐकला नव्हता. काशीबाई धावत आल्या आणि काही न विचारता त्यांनी सुनेला पोटाशी धरलं. ती त्यांच्या पदरात तोंड खुपसून कितीतरी वेळ हुंदके देत राहिली. श्रीपादराव उठून उभे राहिले, एक पाऊल पुढे गेले आणि थांबले. आपण तिला हात लावू शकत नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

"फोन कुठे आहे?" तिने तोंड वर न करता विचारलं.

"कपाटात."

"अल्पेशला पाठवीन. त्याच्याकडे द्या. आता तुम्ही जा, बाबा."

हरिचंद्र त्यांच्याबरोबर नाक्यापर्यंत चालत आले. वाटेत त्यांनी एकदाच विचारलं, "काय झाला?" श्रीपादराव म्हणाले, "सगळं माझंच चुकलंय." हरिचंद्रांनी मान हलवली. रिक्षा मिळेपर्यंत ते त्यांच्या शेजारी उन्हात उभे राहिले, पण 'पुन्हा या' असं काही म्हणाले नाहीत.

गुरुवारी संध्याकाळी अल्पेश आला. हातात तेच खोकं होतं. त्याने ते टेबलावर अलगद ठेवलं.

"इराने द्यायला सांगितलंय, काका. पट्टे तेवढे राहिलेत. ती म्हणाली, तिच्याच्याने आता होणार नाही."

श्रीपादरावांनी खोकं उघडलं नाही. सुहासिनीचा फोन त्यांनी रविवारी घरी परतल्यावरच चार्ज करून ठेवला होता. तो चार्जरसकट रुमालात बांधून त्यांनी अल्पेशच्या हातात दिला. त्याला बस म्हणाले. तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"जेवते का नीट?"

"आई बसवते जबरदस्तीने."

"रडते?"

"रडते." अल्पेश रुमालाची गाठ चाचपत राहिला. "एक सांगू, काका? दोन वर्षं तिच्या आईंचं नाव निघालं तरी ती उठून जायची. घरात फोटो लावू दिला नाही. आता सारखी त्यांच्याबद्दल बोलते. माझ्याशी, माझ्या आईशी, लॅबमधल्या मुलींशी. आई अशी होती, आई तशी म्हणायची. रडते, पण बोलते."

"आणि माझ्याबद्दल?"

अल्पेशने खाली पाहिलं. "तुमचं नाव काढत नाही."

"बरं," श्रीपादराव म्हणाले.

"मी समजावू का तिला? थोड्या दिवसांनी?"

"नको. तिला काही समजवायचं नाहीये." ते उठले आणि जावयाला दारापर्यंत सोडायला गेले. या घरात तो पहिल्यांदाच आला होता, आणि त्याला पाणीसुद्धा विचारायचं राहिलं हे तो जिना उतरून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

रविवारी सकाळी सवयीने आंघोळ झाली. खुंटीवरचा इस्त्रीचा शर्ट घालून, बटणं लावायला लागतो तेवढा वेळ घेऊन, श्रीपादराव नऊ वाजता तयार झाले. मग खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. जायचं कुठेच नव्हतं.