मोराला सापडलेला माणूस

शोधकुत्री मोरा दुसऱ्यांदा बर्फ हुंगायचं सोडून धावत आली आणि रिशच्या छातीवर पंजे टेकून आनंदाने भुंकली. तिच्या मते माणूस सापडला होता. खरा माणूस, रिशचा थोरला भाऊ बाल्झर, समोरच्या उतारावर कोसळलेल्या बर्फाखाली कुठेतरी होता, आणि वर उरलेली बर्फाची लादी अजून लटकतच होती.

माझ्या गोष्टींतला निम्मा बर्फ मीच पाडलेला असतो, असं गावात म्हणतात. हा मात्र आभाळातून पडलेला. वाऱ्याने आणून रचलेली जड लादी, तिच्या खाली साखरेसारखा सुटा थर; वजन पडलं की सगळीच घसरते. अशा लादीवर पाय ठेवू नये हे आमच्या बकऱ्यांनाही कळतं. बाल्झरलाही कळत होतं. पण पलीकडच्या गवत साठवायच्या खोपटाचं छप्पर टिकलं की नाही, हे त्याला बघायचं होतं.

रिश आमच्या खोऱ्यातला पुरून घेणारा माणूस. कुत्र्यांच्या सरावासाठी दर हिवाळ्यात कुणाला तरी बर्फातल्या खड्ड्यात पडून राहावं लागतं. रिश राहायचा, खिशात शोधणाऱ्या कुत्रीच्या बक्षिसासाठी सॉसेजचा तुकडा. एकदा आत डोळा लागून तो असा घोरला की घाट बंद असताना शेजारच्या खोऱ्यातली कुत्री हजर झाली. बाल्झर म्हणायचा, "मेल्यावर फुकट करायचं काम तू जिवंतपणी करतोस, येड्या."

माणूस बदलत राहा, असं कुत्र्यांना शिकवायला शहरातून आलेला शिक्षक बजावून गेला होता. आम्ही माना डोलावल्या. मग सराव ठरला की नेमकी सगळ्या गावाची कंबर धरायची. त्यामुळे मोराच्या लेखी बर्फातला माणूस म्हणजे रिश.

तिची मालकीण मेंजिआ तिला पट्ट्याला धरून मागे ओढत होती. रिशकडे न बघता ती म्हणाली, "काका, तुम्ही खाली जा."

"माझा भाऊ आहे तो, पोरी. खणू दे मला."

"तुमचा वास येतोय तोवर ती दुसऱ्या कुणाला शोधणार नाही."

रिशने फावडं बर्फात उभं खोचलं आणि तो उतरू लागला. मी सोबत गेलो. ओढ्यापलीकडे, आमच्याकडचा वारा वर जाणार नाही अशा जागी, दगडी बांधाआड आम्ही बसलो. त्याचं मन रमवायला मी अस्वलाची गोष्ट काढली; तो भलत्याच जागी हुंकार देत होता. मग त्याचा श्वास बदलला. खड्ड्यात घ्यायचा तसा, हळूहळू, वाचवून वाचवून घेऊ लागला. उरलेला वर भावाला पाठवता येणार असल्यासारखा.

वरून भुंकणं आलं.

इतके हिवाळे त्याने ते आतूनच ऐकलं होतं. "मोरा का?" त्याने मला विचारलं. मी होकाराची मान हलवली. फावड्यांचा आवाज आला, बराच वेळ आला, मग थांबला. कुणी हाक मारली नाही.

मेंजिआ उतरून आली ती आपली टोपी काढून हातात घेऊन. मोरा तिच्या पुढे धावत येऊन रिशसमोर बसली, शेपटी हलवत.

"तिने शोधला ना?" रिशने विचारलं.

"हो, काका."

"मग तिचं तिला द्यायला हवं."

त्याने हातमोजा काढला, खिशातला तुकडा तळहातावर ठेवला आणि पुढे धरला. तुकडा संपला तरी त्याने हात मागे घेतला नाही. मोरा चाटत राहिली.