चालत्या पंख्यावरची धूळ

२०१४ सालच्या मे महिन्यात, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उलटून आठ दिवस झाले होते, तेव्हा शिंदखेड्याच्या कुंदाबाई मुलासाठी मुलगी पाहायला जळगावला गेल्या. बरोबर नवरा जीवराम, मुलगा भूषण आणि स्थळ सुचवणारे तोताराम नाना. मुलगी जळगावला लागूनच असलेल्या पिंप्राळ्याची, नाव दिपमाला. तिचे वडील भाईदास सहा वर्षांपासून लकव्याने खाटेवर पडून आहेत, हे नानांनी आधीच सांगितलं होतं. जीवराम म्हणाले, "दुखणं कोणले चुकनं शे? पोरगी दखी येऊ." कुंदाबाईंनाही त्याचं काही वाटलं नव्हतं.

कुंदाबाईंची सोयरीक पाहायची एक रीत होती, सासूने शिकवलेली. सासू कुणाच्याही घरी गेली की आधी वर पाहायची. पाहुणे येणार म्हटल्यावर जमीन कुणीही सारवतं, भांडी कुणीही लख्ख करतं. आढ्याची जळमटं मात्र घाईघाईत निघत नाहीत, त्या घरातल्या बायांचं वळण तिथे कळतं, असा तिचा हिशोब. पुढे धाब्याची घरं गेली, स्लॅब आले. मग कुंदाबाई पंखे पाहू लागल्या. त्यांच्या बैठकीतला पंखा आरशासारखा असायचा. पाहुणे आले की तो लागायचा आणि गेले की बंद व्हायचा. उन्हाळ्यात घरची माणसं अंगणात खाटा टाकायची. दर शनिवारी त्या स्टुलावर चढून, पात्यांवर उशीचा जुना अभ्रा सरकवून पुसून घ्यायच्या. त्याचा त्यांना अभिमान होता.

पिंप्राळ्याचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीतच भाईदासांची खाट, पांढरी चादर, उशाशी तेलाची बाटली. एका कोपऱ्यात कापसाचं गाठोडं झाकून ठेवलेलं. वर पंखा भरधाव फिरत होता. दिपमालाने पोहे आणले. खाली मान घालून बसणारी ती मुलगी नव्हती. विचारलं ते नीट सांगत होती.

"बी. कॉम. झालंय. घरी आईबरोबर वाती करते. देवळापाशी दुकानं आहेत, तिथे देतो."

"आमचा भूषण धुळ्याला औषधांच्या एजन्सीत आहे," कुंदाबाई म्हणाल्या. "जेवणाची आवड फार. शेवभाजी येते का?"

"येते, पण तिखट होते."

"तिखटच पाहिजे," भूषण पहिल्यांदा बोलला आणि लाजला.

तोताराम नाना हसले. "मुलगा मुका आहे असं समजू नका. घरात माय बोलत असते, त्याची पाळीच येत नाही."

खाटेवरून भाईदास एका बाजूने वाकड्या झालेल्या तोंडाने म्हणाले, "घ्या... पोहे... तिनंच..." आणि एवढ्यावर दमून हसले. सगळं जमत आलं होतं. दिपमालाची आई पुष्पाबाई चहा ठेवायला उठली आणि तेवढ्यात लाइट गेली.

पंखा मंदावला. पाती एकेक वेगळी दिसायला लागली आणि शेवटी थांबली. प्रत्येक पात्याच्या एका काठाला बोटभर जाड काळा थर होता, जुन्या गोधडीच्या सुटलेल्या काठासारखा लोंबणारा. एक पुंजका गिरक्या घेत खाली आला आणि जीवरामांच्या बशीत पडला. त्यांनी तो चमच्याने बाजूला सारला आणि खात राहिले. दिपमाला मात्र पाहुण्यांसमोरून उठली, पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन वडिलांच्या उशाशी बसली आणि वारा घालू लागली. लाइट येईपर्यंत ती परत पाहुण्यांकडे वळली नाही.

परतीच्या बसमध्ये कुंदाबाईंनी खिडकी बंद करून घेतली.

"पोरगी गुणनी शे," जीवराम म्हणाले. "आखो काय पाहिजे तुले?"

"पंखा दखा का तुम्ही?"

"दखा. फिरत व्हता."

"थांबना तवय दखा का? चालत्या पंख्यावर धूळ बसत नही, उडी जास. त्या पंख्याले वरीसभर तरी हात लागेल नही. स्वतःना बापना डोकावर एवढी घाण ठेवस, ती आपलं घर काय ठेवई?"

मागच्या सीटवरून भूषण पुढे वाकला. "माय, पंख्यावरून?"

"पंख्यावरून नाही, वळणावरून."

"मला ती आवडली होती."

"आवडणं दोन महिने टिकतं."

भूषण मागे रेलला. वास्तविक तो हट्ट धरू शकला असता. पण त्याने कधीच कशाचा हट्ट धरला नव्हता, आणि कुंदाबाई ते जाणून होत्या.

नकार तोंडाने द्यायचा नाही, अशी त्यांच्याकडची पद्धत. मुलीकडच्यांचं मन दुखवू नये म्हणून निरोपच पाठवायचा नाही. पंधरा दिवसांत कुणी आलं नाही की त्यांनी समजून घ्यायचं. कुंदाबाईंनी तसंच केलं. नानांनी एकदा विचारलं, "अक्का, कारण काय सांगू?" तेव्हा त्या म्हणाल्या, "कारण कशाला सांगायचं? चांगली माणसं आहेत, उगाच बोल लागेल."

पुढच्याच वर्षी भूषणचं लग्न ज्योतीशी झालं. ज्योतीच्या माहेरचे पंखे स्वच्छ होते.

२०१९ च्या मार्चमध्ये जीवरामांना दम्याने खाटेला खिळवलं. त्यांची खाट बैठकीत आणली आणि तो आरशासारखा पंखा रात्रंदिवस सुरू झाला. क्षणभर बंद केला तरी जीवराम घाबरे व्हायचे, हाताने वर खुणा करायचे. कुंदाबाई त्यांच्या छातीला कोमट तेल लावायच्या, शेजारीच शेगडीवर वाफेचं पाणी उकळायचं. तीन आठवड्यांनी पंख्याचा वेग कमी झाला म्हणून त्यांनी हिलाल मिस्त्रीला बोलावलं. त्याने पंखा थांबवला. पात्यांच्या काठांना काळा, लोंबता थर आलेला होता.

कुंदाबाई बघतच राहिल्या. "अरे, हा तर एक मिनिट बंद नव्हता. धूळ बसली कधी?"

"अक्का, चालत्यालाच जास्त लागते," हिलाल स्टुलावरून म्हणाला. "बंद पंख्यावर वरून पिठासारखी पडते, ती फुंकली तरी जाते. फिरणारं पातं हवा कापत जातं. हवेत जे असेल ते त्याच्या पुढच्या काठावर आपटतं. वाऱ्याने घासून पात्यात जराशी वीज येते, ती बारीक कण ओढते. तेलाची वाफ, फोडणीचा धूर, सगळं त्यावर डिंकासारखं बसतं."

"पण वाऱ्याने उडत कसं नाही?"

"पात्याच्या अगदी अंगाला चिकटलेली हवा पात्याबरोबरच फिरते. तिथे वारा पोहोचतच नाही, उडवणार कोण? कापसाचं काम करणाऱ्यांच्या घरी तर आठ दिवसांत मिशा फुटतात." तो हसला. "एवढं काय तोंड पाडता? पुसून देतो."

जीवराम खाटेवरून हातवारे करत होते. कुंदाबाईंनी वर्तमानपत्राची घडी घेतली आणि वारा घालायला बसल्या. हात भरून आला तरी थांबता येत नव्हतं. हिलाल पंखा सुरू करून गेला, तरी कितीतरी वेळ त्या घडी हातात धरून बसून राहिल्या.

जीवराम त्याच पावसाळ्यात गेले. वर्षश्राद्ध झालं, करोनाची दोन वर्षं गेली, आणि २०२२ च्या जानेवारीत कुंदाबाई एकट्या बसने जळगावला गेल्या. कुणाला सांगितलं नाही.

पुष्पाबाईंनी ओळखलं. पाणी दिलं, वातींचा कापूस बाजूला सारला. पुढच्या खोलीत खाट नव्हती.

"भाऊ?" कुंदाबाईंनी विचारलं.

"सात वर्षं झाली जाऊन. पारोळ्याला वारले, दिराकडे."

"तिकडे कसे?"

"त्यांचाच हट्ट." पुष्पाबाई शांतपणे सांगत होत्या. "तुमचा निरोप आला नाही ना, तेव्हा म्हणाले, माझ्यामुळेच. लोळागोळा बाप पाहून कोण मुलगी नेईल? आम्ही दोघींनी किती समजावलं. ऐकेनात. मला माझ्या भावाकडे, नानूकडे पोहोचवा, मुलगी उजवली की आणा, म्हणाले. तिकडे दहा महिने राहिले. दिपमालाचं सुरतला जमलं. लग्नाला अठरा दिवस होते तेव्हा गेले. तोवर तिकडे तिला जाऊच दिलं नाही त्यांनी, सुरतच्या पाहुण्यांना कळेल म्हणून."

कुंदाबाईंनी तोंडाला पदर लावला. मग त्या म्हणाल्या, "ताई, भाऊंमुळे नव्हतं हो ते. पंख्यामुळे होतं." आणि त्यांनी सगळं सांगितलं, काही राखून न ठेवता.

पुष्पाबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पंखा बंद केला की त्यांच्या पाठीच्या जखमा चिघळायच्या," त्या म्हणाल्या. "दिपमाला म्हणायची, पाहुणे यायच्या आधी पुसते. तेच म्हणाले, राहू दे, जीव घाबरतो." मग म्हणाल्या, "तुम्ही तेव्हाच म्हणाला असता ना, पंखा घाण आहे म्हणून, तर आम्ही सगळ्यांनी हसून घेतलं असतं. तेही हसले असते."

परतताना बस पारोळ्याला दहा मिनिटं थांबली. लोक चहाला उतरले. कुंदाबाई उतरल्या नाहीत.

तोताराम नाना करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. भूषण धुळ्यालाच आहे, स्वतःचं औषधांचं दुकान आहे, ज्योतीशी त्याचं बरं चाललंय. आईने पिंप्राळ्याची हकीकत सांगितली तेव्हा तो "बरं" म्हणाला आणि दुकान उघडायला गेला. दिपमाला सुरतेला असते, तिला दोन मुली आहेत. पुष्पाबाईंनी तिला कुंदाबाई येऊन गेल्याचं सांगितलं की नाही, हे कुंदाबाईंना कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. पुष्पाबाई अजून वाती करतात.

कुंदाबाई शिंदखेड्यातच आहेत. मागच्या वर्षी धाकट्या मुलासाठी, तेजससाठी, एक स्थळ नाकारायची वेळ आली, तेव्हा त्यांनी स्वतः फोन करून मुलीच्या वडिलांना कारण सांगितलं: मुलाचं मन दुसरीकडे आहे, तुमच्या घरात काही उणं नाही. भाऊबंदांत त्याची बरीच चर्चा झाली. म्हातारीला रीतभात राहिली नाही, असं लोक म्हणाले.