दंगलीचा धडा

इतिहासाच्या आमच्या बाई आठवल्या की आजही जीव त्या वर्गाकडे ओढ घेतो. धडा संपला की त्यांचं ठरलेलं असायचं, "घरी विचारून या." त्या काळात आपल्या घरी काय चाललं होतं ते दुसऱ्या दिवशी आम्ही सांगायचं आणि बाईंनी फळ्यावर लिहायचं. महायुद्धाच्या शेजारी कुणाच्या तरी आत्याचं मोडलेलं लग्न ऐटीत बसलेलं असायचं! तसा इतिहास पुन्हा कुणी शिकवला नाही.

दंगलीचा धडा आला तेव्हा मात्र बाई नुसत्या वाचत गेल्या. ती आमच्याच गावातली दंगल. त्यात बाईंच्या वडिलांचं कापडाचं दुकान जळालं आणि त्यांनी हाय खाल्ली, हे गावाला ठाऊक होतं. आग कुणी लावली, यावर मात्र सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. "या धड्याला घरी काही विचारायचं नाही," बाई म्हणाल्या.

पण अंगवळणी पडलेलं सुटतंय कुठं? माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचं तोंड कधी मिटायचं नाही, म्हणून आम्ही तिला टकळी म्हणायचो. तिनं घरी विचारलंच. दुसऱ्या दिवशी बाई वर्गात येताच नेहमीसारखी उभी राहून घडाघडा सांगू लागली, "बाई, आमचे आजोबा म्हणाले, कापडाचं दुकान मीच पेटवलं..." आणि तिथं तिच्या लक्षात आलं. तोंडावर हात ठेवून ती रडायलाच लागली.

आता हिची धडगत नाही, असं मला वाटलं. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग वळल्या, खडू उचलला आणि तिचं वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं.

"बस बाळ. तू काही केलेलं नाहीस," त्या म्हणाल्या. "आजोबांना सांग, बाईंनी बोलावलंय."

आजोबा येतील असं आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं. पण आले. दारात चपला काढून खाली मान घालून उभे राहिले. मला त्यांचा रागही आला आणि कीवही.

"माझे वडील शेवटपर्यंत विचारत होते, कुणी केलं म्हणून," बाई म्हणाल्या. "त्यांना कुणी सांगितलं नाही. तुम्ही या मुलांना सांगा. सगळं सांगा."

आजोबा फळ्यापाशी गेले. बाई आमच्या बाकावर आल्या आणि टकळीला कुशीत घेऊन ऐकायला बसल्या.