कण्हणाऱ्या दोराचं कौतुक

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. साठ मीटर लांब, रंगानं निळा आणि आतून एका जागी तुटलेला. हे शेवटचं फक्त मला आणि एका म्हाताऱ्या काकांना ठाऊक आहे.

कारखान्यात पांढऱ्या धाग्यांचा गाभा वळून त्यावर माझं निळं आवरण विणलं गेलं. तिथून मी डोंगरात अडकलेल्यांना सोडवणाऱ्या पथकात आलो. तिथले सामान सांभाळणारे काका प्रत्येक मोहिमेनंतर डोळे मिटून मला बोटांतून इंचाइंचानं सरकवायचे. "डोळ्यांना काय कळतंय, डोंबल!" असं म्हणायचे. नऊ वर्षांत मी सतरा माणसं वर आणली. अभिमान आहे मला, का नसावा?

मग एकदा कड्यावरून दोन माणसं एकदम कोसळली. मी त्यांना धरलं, पण माझ्या पोटात काहीतरी कट्कन तुटलं. काकांच्या बोटांना ती मऊ जागा लगेच लागली. त्यांनी तिथं खुणेची लाल पट्टी बांधली. बाद झालेला दोर कापून टाकायचा, आणि ज्यानं तपासला त्यानंच कापायचा, ही पथकाची रीत. पण दुसऱ्याच दिवशी काकांनी अंथरूण धरलं आणि मी खुंटीवर तसाच राहिलो.

त्याच आठवड्यात पथकाकडे दोर मागायला सिनेमावाले आले. त्यांच्या आधीच्या चित्रपटाला समीक्षकांनी धू धू धुतलं होतं. म्हणे, त्यात गिर्यारोहक पाच दिवस अडकलेत आणि दोर मात्र दुकानातून आत्ता आणलेला! म्हणून दिग्दर्शकाला वापरलेला दोर हवा होता. "हा बघा, कसा मस्त मळलाय!" तो म्हणाला आणि मला खुंटीवरून काढून घेऊन गेला. लाल पट्टी कॅमेऱ्यात दिसेल म्हणून त्यांच्या सामानवाल्यानं ती सोडून टाकली. सगळा भार लपवलेल्या पोलादी तारेवर असायचा, मी नुसता दिसायला. तरी मला ताणलं की मी कण्हायचो.

चित्रपट लागला. समीक्षकांनी कथेची सालटी काढली, नायकापेक्षा कडा बरा अभिनय करतो म्हणाले. पण मला सगळ्यांनी एकमुखानं वाखाणलं. "दोर कण्हतो तेव्हा अंगावर काटा येतो," असं एकीनं लिहिलं. ध्वनिमुद्रक मात्र दिग्दर्शकाकडे गेला.

"साहेब, तो आवाज मी घातलेलाच नाही. तीनदा पुसला, परत येतो."

"मग येऊ दे की!" दिग्दर्शक हसला.

आता दुसरा भाग निघालाय. लोकांना खरं हवंय म्हणून तार काढायचा हुकूम झालाय. आज दुपारी खार एकट्या माझ्यावर लटकणार आहे. खार म्हणजे स्टंट करणारी पोरगी, चपळ म्हणून हे नाव. तिची आई शेजारीच खुर्चीवर बसलीय.

"अगं, तार का नाही आज?"

"आई, हा पेपरात आलेला दोर आहे! याला काय धाड भरलीय?"

मित्रांनो, मला फार भीती वाटतेय. खारनं मला कमरपट्ट्याला गाठ मारली. ती मऊ जागा तिच्या डोक्याच्या वर दोनच हातांवर आहे. मी जिवाच्या आकांतानं कण्हलो. खार थबकली. ध्वनिमुद्रकाचा चेहरा पांढराफटक पडला. आई उठून उभी राहिली.

"ऐकलंत? हाच तो आवाज!" दिग्दर्शक ओरडला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

खारही हसली आणि कड्याकडे निघाली. मित्रांनो, जो तुमचा भार सोसतो त्याचं कौतुक नंतर करा, आधी त्याला हात लावून बघा. टाळ्या थांबवा, आणि कुणीतरी पटकन चाकू आणा.