सातव्या होलची वाट

समुद्रकाठच्या पोर्टस्कारा गावच्या गोल्फ क्लबाने जुन्या मैदानाच्या उत्तरेला नवी नऊ होलं, म्हणजे पहिल्या फटक्यापासून भोकापर्यंतचे खेळाचे नऊ पट्टे, आखायचं काम रॅनल्ड गेडीजला दिलं, तेव्हा त्याने एकच अट घातली : पहिले चार दिवस कुणी सोबत यायचं नाही. नकाशा नको, दोरी नको. तो नुसता चालणार.

चाळिशीला टेकलेला हा माणूस बोलायला कमी, पण मैदान कसं असावं यावर त्याची मतं ठाम होती. वाईट आखणारा माणूस खेळणाऱ्यावर हुकूम सोडतो, असं तो म्हणायचा. इथेच मार, नाहीतर खड्ड्यात पड. चांगला आखणारा पाहुण्याला घर मोकळं करून दिल्यासारखा बाजूला होतो. डावीकडून जा, उजवीकडून जा, हाव धर, नाहीतर सांभाळून खेळ. फसलास तर तो दोष तुझा. एकाच होलवर दहा माणसांना दहा वाटा दिसल्या पाहिजेत, म्हणजे होल जमलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याला सातवं होल सापडलं. उंच टेकाडावरून खाली साठ पावलं रुंद सपाट गवत, डाव्या अंगाला वाळूचा उंचवटा, उजवीकडे पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं, आणि शेवटी एका उथळ खळग्यापलीकडे भोकाभोवतीच्या हिरवळीसाठी निसर्गानेच करून ठेवलेला ओटा. चालताना त्याचे पाय कुठे अडखळले नाहीत. जमीनच जणू त्याला हाताला धरून घेऊन गेली. त्याने खुंट्या ठोकल्या आणि संध्याकाळी बायकोला पत्र लिहिलं, की आयुष्यात पुन्हा असं होल माझ्या हातून होणार नाही.

वर्षभराने, १९३३च्या मे महिन्यात, नवी होलं खेळायला खुली झाली. जूनमध्ये डॉड लॉरिमरचं कार्ड आलं. डॉड म्हणजे मैदानाची निगा राखणारा बुजुर्ग. रॅनल्डच्या बापाबरोबर मासेमारी केलेला. कार्डावर तीनच शब्द होते : ‘ये. सातवं बघ.’

रॅनल्ड गेला. डॉड त्याला टेकाडावर घेऊन आला आणि पाइपच्या टोकाने खाली दाखवलं.

हिरव्यागार गवतातून एक पिवळट रेघ गेली होती. माळावरून गुरांची पायवाट जाते तशी. जेमतेम हातभर रुंद.

“साठ पावलं जागा दिलीस तू,” डॉड म्हणाला, “आणि वापरतात एवढीशी. माझ्या म्हातारीचा स्वयंपाकघरातला गालिचासुद्धा याहून रुंद आहे.”

“उतार असेल. चेंडू तिकडे घरंगळत असतील.”

“चेंडू नव्हे रे, माणसं! चेंडू कुठेही मारू देत, चालतात इथूनच. तू बस. डोळ्यांनी बघ.”

दोघे दिवसभर त्या टेकाडावर बसून राहिले. खेळणाऱ्यांनी चेंडू डावीकडे मारले, उजवीकडे मारले, एकाने तर पार झुडपात घातला. पण टेकाड उतरलं की प्रत्येकाची पावलं त्या रेघेवर यायची. गप्पा मारत शेजारी शेजारी चालणारे एकामागे एक व्हायचे. बोलणं थांबायचं. रेघ खळग्यात उतरायची तिथे ते क्षणभर उभे राहायचे आणि डोक्यावरची टोपी काढायचे. मग टोपी पुन्हा घालून आपापल्या चेंडूकडे पांगायचे.

“टोपी का काढलीत?” रॅनल्डने एकाला गाठून विचारलं.

“काढली? घाम पुसायला काढली असेल.” त्या माणसाने कपाळाला हात लावला. कपाळ कोरडं होतं. “होल मात्र झकास केलंत हां, गेडीज. तिथून चालताना कसं शांत वाटतं. चर्चमध्ये गेल्यासारखं.”

रॅनल्डने पाणसळ आणून सगळी जमीन तपासली. रेघेच्या दिशेने कुठेही उतार नव्हता. उलट किंचित चढच होता. त्याला स्वतःचाच राग आला. एवढी मोकळी जागा, आणि वाट एकच? मग बाकीच्या वाटा देणारा मी कसला आखणारा? आठवडाभर थांबून त्याने रेघेच्या बरोबर मध्यावर वाळूचा बंकर, म्हणजे चेंडू अडवणारा खड्डा, खणायला लावला. आता तरी लोक वळसा घालतील.

तीन फुटांवर फावडं खणखणलं. खाली एक सपाट दगड होता, मधोमध झिजून खोलगट झालेला, उंबरठ्याचा झिजतो तसा. गड्यांनी त्यावर वाळू ओतली आणि बंकर तयार झाला.

पहिल्या संध्याकाळी डॉड त्याला बंकराच्या काठावर घेऊन गेला. सकाळी दाताळ्याने सारखी केलेली वाळू तुडवली गेली होती. सगळी पावलं एकाच दिशेने. लोक बंकराला वळसा घालून गेलेच नव्हते. चांगले कपडे घातलेले सभ्य लोक सरळ वाळूतून चालत गेले होते.

“आज बावीस जण खेळले,” डॉड हळूच म्हणाला. “सगळ्यांच्या बुटांना खिळे. आता हे बघ.”

खिळ्यांच्या ठशांमध्ये दुसरीही पावलं होती. खिळे नसलेल्या, सपाट तळाच्या पायताणांची. काही अनवाणी. एक तर इतकं लहान, की रॅनल्डच्या तळहातात मावलं असतं.

डॉडने दाताळं उचललं आणि तो वाळू सारखी करायला लागला.

क्लबाचे सेक्रेटरी मेजर प्रिंगल यांना मात्र आनंदाचं भरतं आलं होतं. ऑगस्टच्या अखेरीला नव्या मैदानावर मोठी स्पर्धा ठरली होती. एडिंबराहून वार्ताहर येऊन गेला आणि सातवं होल साऱ्या किनाऱ्यावर अव्वल आहे असं लिहून गेला.

“लोकांना आवडतंय, आणि तुमचं तोंड लिंबू चोखल्यासारखं!” मेजर म्हणाले.

“मेजर, ते खेळतच नाहीयेत तिथे. नुसते नेल्यासारखे जातात.”

“मग बरंच की. चेंडू हरवत नाहीत, खोळंबा होत नाही.”

स्पर्धेच्या दहा दिवस आधी, एका उन्हाच्या दुपारी, रॅनल्ड सातव्याच्या टेकाडावर उभा होता. गावचे पाद्री, रेव्हरंड केर्ड, आणि त्यांचे मित्र डॉक्टर मन्रो चेंडू मारून खाली उतरले. केर्ड पाद्री अंगाने गोल, जिभेने तिखट. जाता जाता ते ओरडले, “गेडीज, तुमच्या या होलवर मला एकदाही शिवी हासडावीशी वाटत नाही. काहीतरी चुकतंय बघा!”

ते अर्ध्यावर गेले नसतील तोच समुद्रावरून धुकं आलं. त्या किनाऱ्याला ते नवं नाही. पण त्या दिवशी ते आलं ते दार लोटल्यासारखं. सूर्य गेला, आवाज गेले, हाताची बोटं दिसेनाशी झाली. रॅनल्डने दोघांना हाका मारल्या. उत्तर नाही. तो खाली उतरला.

वाट शोधावी लागली नाही. पाय आपसूक जात होते. थोड्या वेळाने पुढे एक पाठ दिसली, म्हणून त्याला हायसं वाटलं. त्या पाठीपुढे दुसरी पाठ होती. तो मोजू लागला. दोन माणसं खाली गेली होती. त्याने सात पाठी मोजल्या, आणि सातव्यापुढेही धुक्यात काहीतरी हलत होतं. सगळे मान खाली घालून, एकमेकांचा कोट धरून चालले होते. वाऱ्याची झुळूकही नव्हती, तरी ते सगळे वाऱ्याला तोंड दिल्यासारखे वाकले होते.

त्याला भीती वाटली नाही. पुढे कितीतरी वर्षं त्याला याचाच धसका राहिला, की तेव्हा भीती वाटली नाही. त्याने हात पुढे केला आणि समोरच्याचा कोट धरला. जाडंभरडं लोकरीचं कापड होतं, वाळूने भरलेलं, इतकं की मुठीतून वाळू गळू लागली. मागून कुणीतरी त्याच्या कोटाचं टोक धरलं. फार खालून, लहान मुलाच्या उंचीवरून.

आणि त्याला कसं निवांत वाटलं. पोचेपर्यंत आता काही ठरवायला नको. डावं नको, उजवं नको.

ठरवायला नको. हे शब्द मनात आले आणि त्याच्यातला आखणारा खडबडून जागा झाला. हे वाईट होल आहे, तो मनाशी म्हणाला. इथे निवड नाही. मी आखलंय, आणि हे वाईट आहे. मग मोठ्याने, भांडल्यासारखा, तो ओरडला, “मी उजवीकडे जाणार!”

मूठ सोडवणं सोपं गेलं. मागचा हात सोडवताना त्याला रडू फुटलं. उजवं पाऊल उचलायला जणू चिखलातून मोळी ओढावी तसा जोर लागला. एक पाऊल, दुसरं, तिसरं, असं करत करत शेवटी तो तोंडावर काटेरी झुडपात पडला. गाल फाटला, हात रक्ताळले. पण त्या काट्यांना त्याने मिठी मारली, असं म्हटलं तरी चालेल.

धुकं तासाभराने विरलं. डॉक्टर मन्रो समुद्राच्या बाजूला भरकटलेले सापडले. केर्ड पाद्री नव्हते. डॉड आणि रॅनल्ड धावत खळग्याकडे गेले.

ते खळग्यात बसले होते, गवतावर, पाठ ताठ, हात मांडीवर, बाकावर बसावं तसे. टोपी शेजारी काढून ठेवलेली. डॉडने त्यांचे बूट ओढून काढले तेव्हा त्यांतून कोरडी वाळू भसाभसा पडली. त्या खळग्यात गवताखेरीज काही नव्हतं.

“पाद्रीबाबा! अहो, ऐकताय ना?”

“हळू बोल, डॉड,” केर्ड कुजबुजले. “प्रवचन चालू होतं.” मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. “गर्दी होती रे. तरी सरकून घेतलं त्यांनी. मला जागा करून दिली.”

पुढचा आठवडा पावसाचा थेंब नाही. गवत करपलं, आणि करपताना त्याने सगळं सांगून टाकलं. टेकाडावरून पाहिलं की खळग्यात लांबट चौकोन दिसायचा, खाली गाडलेल्या भिंती होत्या तिथे गवत जळून पांढरं पडलेलं. बंकराच्या दोन्ही अंगांना लहान चौकोन होते, घरांचे. त्यांच्यामधून ती वाट थेट मोठ्या चौकोनाच्या दाराशी जात होती.

केर्ड पाद्र्यांनी चर्चच्या जुन्या वह्या काढल्या. फिन्नरी नावाच्या वाडीची एकच नोंद मिळाली, अडीचशे वर्षांपूर्वीची, वाचलेल्या एका गुराख्याच्या सांगण्यावरून लिहिलेली. रविवारी सकाळी वाळूचं वादळ उठलं. अर्धी वाडी चर्चमध्ये पोचली होती, उरलेली वाटेवर होती, एकमेकांचा हात धरून. बाहेरून मदत पोचली तेव्हा तिथे फक्त वाळूच्या टेकड्या होत्या.

“कोण वाटेवर राहिले आणि कोण पोचले, हे लिहिलेलं नाही,” केर्ड म्हणाले. “माझ्या शेजारी बसलेले पोचले होते. तुम्ही ज्यांचा कोट धरलात, गेडीज, ते अजून चाललेत.”

रॅनल्ड मेजरांकडे गेला. स्पर्धेला तीन दिवस होते.

“सातवं बंद करा.”

“वेड लागलंय का? लोक तेच बघायला येताहेत!”

“ते वाईट होल आहे, मेजर. मी आखलं, म्हणून मीच सांगतो. हवं तर लिहून देतो, वर्तमानपत्रात छापा.”

“तुमचं नाव जाईल.”

“जाऊ दे.”

मेजर पुष्कळ आदळआपट करत राहिले. शेवटी केर्ड पाद्री स्वतः येऊन म्हणाले, की स्पर्धेच्या दिवशी ते त्या वाटेवर आडवे झोपतील, वार्ताहरांसमोर. मग मेजर नमले. बंकर बुजवला, दगड होता तिथेच ठेवला. खळगा आणि वाट यांना मैदानाच्या हद्दीबाहेर टाकून सभोवती कुंपण घातलं. स्पर्धा सातव्याविना उरकली, आणि मग नवं सातवं झुडपांच्या पलीकडून, आडव्या दिशेने काढलं : मध्ये एक वेडावाकडा उंचवटा, डावीकडून गेलं तर लांब, उजवीकडून गेलं तर जवळ पण काट्यांशी गाठ. वार्ताहराने लिहिलं, गेडीजने आपलं उत्तम काम स्वतःच मोडलं, आता तिथे पाहण्यासारखं काही नाही. दोन क्लबांनी त्याला द्यायची ठरवलेली कामं परत घेतली.

केर्ड पाद्री पुन्हा त्या बाजूला फिरकले नाहीत. पण त्या वर्षापासून रविवारी प्रार्थनेला लोक बसले की ते प्रत्येक बाकाच्या टोकाला एक जागा मोकळी सोडायला लावायचे. का, ते कुणी विचारलं नाही. गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

ऑक्टोबरमध्ये रॅनल्ड आणि डॉड नवं सातवं खेळायला गेले. पुढे चौघे जण होते, आणि कुठून मारावं यावरून त्यांची हमरीतुमरी चालली होती. एकजण दुसऱ्याला भित्रा म्हणाला, दुसरा पहिल्याला गाढव. रॅनल्ड थांबून ते ऐकत राहिला.

मग समुद्राकडून धुक्याचा पातळसा पदर सरकत आला.

“मी डावीकडून,” डॉड म्हणाला.

“मी उजवीकडून. डॉड, तोंड चालू ठेवा. काहीही बोला.”

“तुझा बाप जाळं फेकायचा तसा तू चेंडू मारतोस! सगळा पाण्यात!”

“ऐकू आलं! अजून बोला!”

धुक्यात दोघांच्या वाटा फुटल्या. डॉडचा आवाज लांब लांब जात राहिला, रॅनल्डच्या बापाला, आजाला, साऱ्या खानदानाला नावं ठेवत; आणि रॅनल्ड काट्यांच्या कडेकडेने, प्रत्येक पाऊल स्वतः ठरवून टाकत, ओ देत चालला.